दिनदर्शिकेची दुरुस्ती : चूक कोणती, संकेत कोणता?

बंगळूर शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळी हे गाव आहे. विमानाने बंगळुरास येणारा प्रवासी आज याच तालुक्यात उतरतो. येथील विमानतळ २००८ साली सुरू झाला. गावात एक जुना दगडी किल्ला आहे, आणि टिपू सुलतानाच्या जन्मस्थानाची खूणही तेथे जपलेली आहे. टिपूच्या लढायांचा इतिहास शाळेत शिकविला जातो. परंतु त्याने कालगणनेत केलेला प्रयोग फारच थोड्यांना ठाऊक असतो. तो प्रयोग येथे आठवण्याचे कारण असे की, संगणकावरील दिनदर्शिकेची दुरुस्ती कशी करावी आणि कशी करू नये, या अगदी आजच्या प्रश्नावर त्यातून चांगला प्रकाश पडतो.

म्हैसूर राज्यात चालत असलेल्या साठ संवत्सरांच्या चांद्रसौर गणनेचा सांगाडा टिपूने ठेवला आणि महिन्यांस व संवत्सरांस नवी नावे दिली. महिन्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून त्याचा क्रमांक कळावा, अशी ती योजना होती. अरबी अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या ‘अबजद’ नावाच्या रीतीने पहिला महिना अहमदी, दुसरा बहारी, तिसरा जाफरी असा क्रम लागला. काही वर्षांतच त्याने ती रीत सोडून ‘अबतस’ ही दुसरी रीत स्वीकारली. तिच्यात अक्षरांची मूल्ये निराळी असल्याने तिसरा असलेला जाफरी महिना पाचवा झाला, आणि आठवा असलेला हैदरी सहावा झाला. इ. स. १७८७ च्या सुमारास हिजरी शकाच्या जागी नवा मौलूदी शक आला, त्यामुळे नाण्यांवरील वर्ष बाराशेच्या घरातून एकदम १२१५ वर गेले. शिवाय हे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिण्याची आज्ञा झाली. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि त्याची कालगणनाही व्यवहारातून नाहीशी झाली. पुढे १८११ साली विल्यम कर्कपॅट्रिक यांनी त्याच्या निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा ही गणना वाचकांस समजावून देणे त्यांना भाग पडले.

टिपूच्या योजनेत बुद्धी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. दोष होता तो पद्धतीत. नावे, क्रम, शक आणि अंकलेखन या चार निरनिराळ्या गोष्टी थोड्या अवधीत, एकाच्याच इच्छेने बदलल्या गेल्या. ‘जाफरी’ हे नाव तेच राहिले आणि त्याचा अर्थ मात्र पालटला. जुन्या व नव्या कागदांचा मेळ घालणाराच्या वाट्याला त्यामुळे केवढा घोळ आला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

हाच घोळ आज संगणकाच्या पडद्यावर होऊ शकतो. संगणकाने करावयाच्या कामाच्या क्रमवार सूचना म्हणजे आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम. सी या भाषेत लिहिलेली ‘कॅल’ नावाची एक लहानशी आज्ञावली युनिक्स या प्रणालीबरोबर प्रसार पावली. तिला महिना व वर्ष सांगितले की ती त्या महिन्याचे पान छापते. बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील तिचा मूळ मजकूर आज कोणासही वाचता येतो, कारण त्या जुन्या आवृत्त्या २००२ साली मुक्त परवान्याने खुल्या करण्यात आल्या. ज्या आज्ञावलीचा मजकूर वाचण्याची, बदलण्याची व पुढे वाटण्याची मुभा सर्वांस असते तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. आजच्या लिनक्सवर व बीएसडी प्रणालींवर असलेली ‘कॅल’ ही याच घराण्यातील होय.

१९७९ चा तो मजकूर जेमतेम काही पानांचा आहे, पण मोठा अभ्यसनीय आहे. त्यातील युक्ती अशी. प्रथम दिलेल्या वर्षाच्या १ जानेवारीचा वार काढावयाचा, मग पुढील वर्षाच्या १ जानेवारीचा काढावयाचा, आणि दोन वारांमधील अंतर पाहावयाचे. साध्या वर्षात ३६५ दिवस असतात. त्यांना ७ ने भागले असता बाकी १ उरते, म्हणून वार एकाने पुढे सरकतो. लीप वर्षात तो दोनाने सरकतो. अंतर एक असेल तर फेब्रुवारीचे दिवस २८, दोन असेल तर २९. आणि या दोहोंपैकी काहीच नसेल, तर ते वर्ष १७५२ होय असे आज्ञावली समजते.

१७५२ च का? त्या वर्षी ब्रिटनने व त्याच्या ताब्यातील प्रदेशांनी जुनी ज्यूलियन गणना टाकून ग्रेगरियन गणना स्वीकारली. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर ही तारीख आली. अकरा तारखा वगळल्या गेल्या. लीप वर्षाच्या ३६६ दिवसांतून ११ गेले, ३५५ उरले. ३५५ ला ७ ने भागले असता बाकी ५ राहते. म्हणून ते वर्ष इतर सर्व वर्षांहून वेगळे उठून दिसते. त्या वर्षाकरिता सप्टेंबरचे दिवस १९ असे नोंदले जातात. आणि पुढे पान छापताना ज्या महिन्याचे दिवस १९ आढळतील, त्यात तिसऱ्या तारखेशी आल्यावर अकरा तारखा वगळावयाच्या अशी सूचना आहे.

ही रचना चतुर आहे, आणि तिने दिलेले उत्तरही बरोबर आहे. तथापि तिच्यात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. ‘१९’ हा आकडा येथे दुहेरी काम करतो: तो महिन्यातील दिवस सांगतो आणि ‘या महिन्यात सुधारणा झाली’ अशी खूणही तोच ठरतो. दुसरे, वार पाचाने सरकला म्हणजे ते वर्ष १७५२ च असले पाहिजे, हे गृहीत कोठेही स्पष्ट सांगितलेले नाही. आता समजा, इटली, स्पेन व पोर्तुगाल यांच्या गणनेप्रमाणे १५८२ सालची सुधारणा दाखवावयाची आहे. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आला. साध्या वर्षाच्या ३६५ दिवसांतून १० गेले आणि तेथेही ३५५ च उरले. वार काढण्याचे सूत्र तेवढे बदलून कोणी थांबला, तर आज्ञावली १५८२ ला १७५२ समजेल आणि ऑक्टोबरमधील दहा तारखा वगळण्याऐवजी सप्टेंबरमधील अकरा तारखा वगळील. ज्या ओळीला हातही लावला नाही ती ओळ अशा रीतीने चुकीची ठरेल.

म्हणूनच अशा जुन्या मजकुराची पुनर्रचना करावी लागते. संगणकाच्या व्यवसायात तिला ‘रीफॅक्टरिंग’ म्हणतात. बाहेरून दिसणारे वर्तन तसेच ठेवून आतील मांडणी सुबोध करणे, असा तिचा अर्थ आहे. दुहेरी काम करणारा १९ काढून तेथे सुधारणेचे वर्ष, महिना, पहिली व शेवटची वगळलेली तारीख अशा स्वतंत्र नोंदी ठेवणे, हे पुनर्रचनेचे उदाहरण होय. उत्तर चुकत असेल तर ते सुधारणे हे निराळे काम. त्यास दुरुस्ती म्हणावे.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्यास महाराष्ट्राच्या इतिहासातील एक तारीख उत्तर देईल. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी रायगडावर झाला. इंग्रजी तारीख ६ जून १६७४ अशी दिली जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडेन त्या वेळी रायगडावर होता, आणि कंपनीचे लोक तेव्हा ज्यूलियन गणना वापरीत. वसई त्या काळी पोर्तुगिजांकडे होती. त्यांच्या ग्रेगरियन गणनेत तोच दिवस १६ जून ठरतो. एकच सूर्योदय मुंबईच्या दप्तरात एका तारखेने आणि खाडीपलीकडे वसईच्या दप्तरात दहा दिवस पुढच्या तारखेने नोंदला जाणार!

आता ६ जून १६७४ चा वार काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होते ते पाहावे. १७५२ ची सीमा मानणारी आज्ञावली शनिवार सांगते. हे कागदावरही पडताळता येते. जुन्या ‘कॅल’मधील सूत्रानुसार ४ अधिक १६७४, अधिक वर्षात ३ मिळवून ४ ने भागलेला पूर्णांक ४१९, मिळून २०९७, त्यास ७ ने भागता बाकी ४. रविवार शून्य धरला तर १ जानेवारी १६७४ हा गुरुवार. ६ जून हा वर्षाचा १५७ वा दिवस, म्हणजे मध्ये १५६ दिवस गेले. ७ ने भागता बाकी २. गुरुवारापासून दुसरा वार शनिवार. परंतु आजच्या पुष्कळ आज्ञावल्या ग्रेगरियन नियम मागील सर्व शतकांस सरसकट लावतात. त्या हीच तारीख बुधवारी दाखवितात. विद्यार्थी गोंधळतो, आणि दोहोंपैकी एक आज्ञावली चुकली असे समजतो.

वस्तुतः दोहोंचेही गणित बरोबर आहे. भेद आहे तो संकेताचा. आणि दिनदर्शिकेच्या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: चूक आणि संकेत यांची गल्लत होऊ देता कामा नये. चूक सुधारावयाची असते. संकेत सुधारावयाचा नसतो, तो उघड करून सांगावयाचा असतो. संकेताला चूक समजून जो ‘दुरुस्त’ करतो, तो शनिवारचा बुधवार करून बसतो आणि आपण सुधारणा केली असे मानतो.

मराठी समाजाला हा विवेक नवा नाही. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाने गणित फार सुलभ केले होते. परंतु काळ लोटला तसतसे त्याचे उत्तर आकाशाशी जुळेनासे झाले. हा प्रकार चुकीचा होता, आणि आकाशाकडे पाहून तो सिद्ध करता येत होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची नवी कोष्टके प्रसिद्ध केली आणि शके १७८७, म्हणजे १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यामुळे ते पटवर्धनी या नावाने ओळखले गेले. 

त्यानंतर जो वाद माजला तो निराळ्या जातीचा होता. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगतारेपासून मोजावा की चित्रा तारा मध्यावर धरून मोजावा, हा तो वाद. दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांतींत चार दिवसांचा फरक येतो, आणि त्यामुळे काही वर्षी अधिक मासही वेगळा येतो. टिळक पंचांग मानणाऱ्या घरचा गणपती एखाद्या वर्षी इतरांच्या महिनाभर आधी बसतो तो याच कारणाने. तेथे गणित चुकलेले नसते. कोणता आरंभ मानला आहे हे पंचांगकर्ते सांगतात, म्हणून हा भेद लोकांस कळतो व ते त्यासह व्यवहार करू शकतात. सांगितला नसता तर तो घोटाळा ठरला असता.

स्वतंत्र भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचा नियम थोडक्यात सांगता येतो. चैत्राचे दिवस ३०, वैशाखापासून भाद्रपदापर्यंत प्रत्येकी ३१, आश्विनापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येकी ३०. शकवर्षात ७८ मिळवून येणारे इसवी सन लीप असेल तर चैत्र ३१ दिवसांचा, आणि त्या वर्षी तो २१ मार्चला सुरू होतो.

इतका सोपा नियमही आज्ञावलीत बिघडू शकतो. शकवर्षालाच ४ ने भागून पाहणारा प्रथमपासूनच चुकतो: शके १९४४ ला ४ ने पूर्ण भाग जातो, पण त्याच्या जोडीचे २०२२ हे लीप वर्ष नव्हते. हा दोष लवकर सापडतो. दुसरा अधिक चतुर लेखक ध्यानात घेतो की लीप शकवर्षांना ४ ने भागता बाकी २ उरते. शके १९२२ व १९४६ ला हे लागू पडते, आणि त्याची आज्ञावली वर्षानुवर्षे अचूक चालते. परंतु शके २०२२ ला ४ ने भागले तरी बाकी २ च राहते. आणि त्याच्या जोडीचे इ. स. २१०० हे शतकवर्ष ४०० ने भागले जात नसल्यामुळे लीप नाही. म्हणजे आज लिहिलेली चूक लिहिणाऱ्याच्या नातवंडांच्या काळात उघडी पडणार. नियम लिहिताना ‘७८ मिळवा आणि इसवी सनाचा नियम लावा’ एवढेच सरळ लिहिले असते, तर ती जन्मासच आली नसती. आखूड मजकूर व सुबोध मजकूर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून दिसेल.

मग दुरुस्ती करावी तरी कशी? प्रथम, मजकुराला हात लावण्यापूर्वी ज्यांची उत्तरे स्वतंत्रपणे ठाऊक आहेत अशा तारखांची यादी करावी. सप्टेंबर १७५२, २९ फेब्रुवारी २०००, राज्याभिषेकाचा दिवस, १ चैत्र १८७९ या तारखा तीत अवश्य असाव्यात. जुन्या आज्ञावलीची उत्तरे या यादीशी ताडून ठेवावी. दुसरे, पुनर्रचना करताना एकही उत्तर बदलू देऊ नये. बदलले तर थांबून कारण शोधावे. तिसरे, चूक सुधारावयाची तेव्हा तेवढीच सुधारावी, आणि काय बदलले व का बदलले हे टिपून ठेवावे. पुनर्रचना व दुरुस्ती एकाच घावात उरकली, तर पुढे उत्तर बिघडल्यास दोष कोठे शिरला हे कोणास सांगता येत नाही. टिपूच्या कालगणनेत नेमके हेच झाले. चौथे, लपलेला संकेत पृष्ठभागावर आणावा. लिनक्सवरील आजच्या ‘कॅल’ला सुधारणेची सीमा कोणती मानावी हे सांगण्याची सोय आहे, १७५२ ची, सर्वत्र ग्रेगरियन किंवा सर्वत्र ज्यूलियन, असे पर्याय तीत आहेत. जे गृहीत पूर्वी एका आकड्याच्या पोटात दडले होते, ते आता वापरणाऱ्याच्या निवडीचा विषय झाले. अशा सुधारणेला आदर्श म्हणावयास हरकत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, जुन्या मजकुराची ठिगळे शिवीत बसण्यापेक्षा सर्व नव्याने लिहावे. नव्याने लिहिण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण जुन्या मजकुरातील प्रत्येक विचित्र ओळीमागे बहुधा एखादे कारण असते. ते कारण न समजता जो पाटी पुसतो, तो त्या ओळीबरोबर तिच्यातील ज्ञानही पुसतो. सप्टेंबरचे १९ दिवस पाहून ‘ही उघड चूक आहे’ म्हणणारा उतावळा सुधारक सहज आढळेल. जुने समजून घेतल्यानंतर खुशाल नवे लिहावे. समजण्याऐवजी लिहू नये.

दुसरा आक्षेप असा की, १६७४ चा वार कोणाच्या व्यवहारात येतो? व्यवहारात न येणाऱ्या तारखांसाठी एवढे श्रम का? ज्याला केवळ पुढील आठवड्याची सुट्टी पाहावयाची आहे, त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. पण इतिहासाचा अभ्यासक, दप्तरखान्यातील कारकून, जुने पत्र वाचणारा विद्यार्थी हे सर्व आता संगणकालाच तारीख विचारतात, आणि संगणकाने सांगितले म्हणजे ते प्रमाण मानतात. पंचांगाच्या पहिल्या पानावर गणिताचा आधार छापलेला असतो. संगणक मात्र मुकाट्याने उत्तर देतो. विश्वास जितका अधिक, तितकी गृहीते सांगण्याची जबाबदारीही अधिक.

या जबाबदारीचा अर्धा भाग वाचकांचा आहे. मुक्त स्रोत आज्ञावलीचा मजकूर सर्वांस खुला असतो खरा, परंतु कोणी वाचलाच नाही तर खुला असून उपयोग काय? छत्रे यांचे पंचांग तपासले गेले, त्यावर वाद झाला, कारण गणित जाणणारे वाचक समाजात होते. आज शाळेतील नववी-दहावीच्या मुलांना भागाकार व बाकी येते. जुनी ‘कॅल’ समजण्यास त्याहून फारसे गणित लागत नाही. शिक्षकांनी एक तास त्यासाठी द्यावा, मुलांनी वर दिलेले उदाहरण हाताने सोडवावे, मग संगणकाचे उत्तर पाहावे, आणि दोहोंत फरक आल्यास ‘ही चूक की हा संकेत?’ असे विचारावे. रायगडावर राज्याभिषेकाचा दिवस ६ जूनला तारखेने आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने असा दोनदा साजरा होतो. त्यामागील गणित ज्याला उलगडेल, त्याला या प्रश्नाचे मर्म कळले असे समजावे.

देवनहळ्ळीत जन्मलेल्या सुलतानाची कालगणना त्याच्याबरोबर संपली, कारण ती एकट्याची होती. पन्नास वर्षांपूर्वीची एक लहानशी आज्ञावली मात्र अनेक हातांनी तपासली, सावरली आणि सुधारली म्हणून अद्याप चालते आहे. तारीख सर्वांची असते. ती मोजण्याचे साधनही सर्वांसमोर उघडे असावे आणि सर्वांच्या नजरेखालून गेलेले असावे, हेच योग्य होय.